माइनक्राफ्टची पहिली खाण: जिन्यापासून पहिल्या हिऱ्यापर्यंत

माइनक्राफ्टमध्ये खाली खोदत जाणं कुणालाही जमतं. अडतं ते मिळालेलं लोखंड, सोनं, हिरे घेऊन वर परतताना. पहिल्या काही दिवसांत नवख्यांचं सामान लाव्हात जळतं किंवा अंधाऱ्या गुहेत राहून जातं, आणि मग खेळच नकोसा होतो. खरं तर यातला प्रत्येक अपघात खेळाच्या ठरलेल्या नियमांमुळे होतो. ते नियम माहीत असले की खाण ही या खेळातली सगळ्यात निवांत जागा होते. म्हणून इथे सर्व्हायव्हल मोडमध्ये नवी दुनिया सुरू केल्यापासून पहिला हिरा हातात येईपर्यंतचं काम क्रमाने दिलं आहे.

आधी एक गोष्ट तपासा. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी आलेल्या १.१८ आवृत्तीने जमिनीखालचं सगळं बदललं. पूर्वी जगाचा तळ ० उंचीवर होता, आता तो उणे ६४ वर आहे. त्यामुळे ‘हिरे ११ किंवा १२ वर मिळतात’ असं सांगणारे व्हिडिओ तुमच्या दुनियेसाठी कालबाह्य आहेत. त्या उंचीवर हिरे मिळतात, पण फार कमी. तासभर खोदून हाती काही न लागण्याचं हे सगळ्यात साधं कारण असतं.

उंचीचा आकडा पडद्यावर आणा

खोदकाम डोळ्यांपेक्षा आकड्यांवर चालतं. संगणकावरच्या जावा आवृत्तीत एफ३ दाबा. लॅपटॉपवर बहुधा एफएन आणि एफ३ एकत्र दाबावं लागतं. मोबाइल, कन्सोल आणि विंडोजवरच्या बेडरॉक आवृत्तीत दुनियेच्या सेटिंगमध्ये ‘शो कोऑर्डिनेट्स’ चालू करा. तीन आकडे दिसतील: एक्स, वाय, झेड. मधला वाय म्हणजे उंची. समुद्राची पातळी साधारण ६३ ला असते. एक्स आणि झेड म्हणजे नकाशावरची तुमची जागा.

घर बांधलंत की तिथले तिन्ही आकडे वहीत लिहा. अगदी खऱ्या वहीत. मोबाइलवर खेळणाऱ्यांनी स्क्रीनशॉट काढला तरी चालेल. होकायंत्र बनवून ते घर दाखवेल अशी आशा धरू नका. खेळातलं होकायंत्र दुनियेच्या मूळ सुरुवातीच्या जागेकडे बोट दाखवतं, तुमच्या बेडकडे नाही.

वर असतानाच जमवायचं सामान

पहिल्या दिवशी लाकूड तोडा. पंचवीस ते तीस ओंडके लागतील, आणि हा आकडा फुगवलेला नाही. एका ओंडक्याच्या चार फळ्या होतात, दोन फळ्यांच्या चार काठ्या. क्राफ्टिंग टेबलला चार फळ्या, पेटीला आठ, ढालीला सहा, बेडला तीन. शिवाय टॉर्च आणि पिकॅक्सच्या काठ्या. यात नऊ-दहा ओंडके जातात. उरलेले सोळा-सतरा ओंडके खाणीत सोबत न्यायचे. जमिनीखाली झाडं जवळपास नसतात, आणि पिकॅक्स तुटल्यावर दोन काठ्यांसाठी शंभर पायऱ्या चढून यावं लागलं की चूक कायमची लक्षात राहते.

तीन फळ्या आणि दोन काठ्यांचा लाकडी पिकॅक्स बनवा, म्हणजे आपला टिकाव. त्याने दगडाचे तीन ठोकळे काढलेत की लाकडी पिकॅक्सचं काम संपलं. लगेच दगडी बनवा. लाकडी पिकॅक्स ५९ ठोकळ्यांत तुटतो, दगडी १३१ टिकतो, लोखंडी २५०, हिऱ्याचा १५६१. सोन्याचा पिकॅक्स भराभर खोदतो, पण ३२ ठोकळ्यांतच संपतो आणि हिरा त्याने निघत नाही. सोनं त्यात घालवू नका.

आठ कोबलस्टोनची, म्हणजे फोडलेल्या दगडाच्या ठोकळ्यांची, भट्टी मांडा. कोळसा डोंगराच्या उघड्या कड्यावर काळ्या ठिपक्यांच्या दगडात दिसतो. नाही दिसला तर अडून बसू नका: भट्टीत वर ओंडका, खाली जळणाला फळी ठेवा, लाकडी कोळसा मिळेल. टॉर्चला तो अगदी तसाच चालतो. एक कोळसा आणि एक काठी मिळून चार टॉर्च होतात, म्हणजे ६४ टॉर्चना सोळा कोळसे आणि दोन ओंडक्यांच्या काठ्या पुरतात. पहिल्या उतरणीला ६४ टॉर्च घ्याच. वीस-पंचवीस पुरतील असं वाटतं, पण वाटेत एक गुहा लागली की त्या संपतात.

जेवण म्हणून भाजलेलं मांस किंवा पाव, किमान सोळा नग. भट्टीत एक नग भाजायला दहा सेकंद लागतात, आणि एका कोळशावर आठ नग निघतात. भुकेची पट्टी दहा तंगड्यांची असते. नऊच्या खाली गेली की जखमा आपोआप भरणं थांबतं. त्यामुळे पोट अर्धं रिकामं होईपर्यंत वाट बघायची नाही; एखाद-दोन तंगड्या कमी झाल्या की खाऊन घ्यायचं, विशेषतः समोर गुहा असेल तेव्हा. झोम्बीचं कुजलं मांस अगदीच नाइलाज असेल तर खा, कारण बहुतेक वेळा ते खाल्ल्यावर भूक आणखी वेगाने लागते.

बेडसाठी एकाच रंगाची तीन लोकर हवी. बेड खाणीच्या तोंडाशीच मांडा आणि एकदा त्यात झोपा. मेल्यावर तुम्ही तिथेच उठता. बेड दूरच्या घरात असेल तर सामान परत आणायला तेवढी वाट तुडवावी लागते. बेडशेजारी पेटी आणि भट्टी ठेवा, भोवती भिंत आणि दार. हा तुमचा तळ झाला.

जिना: एक पायरी, तीन ठोकळे

पायाखालचा ठोकळा कधीही खोदायचा नाही. हा नियम सगळेच सांगतात, पण कारण कळलं तरच तो पाळला जातो. तुमच्या पायाखालच्या ठोकळ्याखाली काय आहे ते दिसत नाही. तिथे गुहेचं छत असेल तर तुम्ही सरळ खाली पडाल. तीन ठोकळ्यांपर्यंतच्या पडण्याने काही होत नाही. पुढे प्रत्येक ठोकळ्याला अर्धा हार्ट (जीव मोजणारं पडद्यावरचं हृदयाचं चिन्ह) जातो, आणि तेवीस ठोकळ्यांवरून पडलात तर भरलेले दहाही हार्ट संपतात. खाली लाव्हा असेल तर उंची मोजायचीही गरज नाही.

त्याऐवजी जिना खोदा. उभे राहा तिथून समोर बघा आणि समोरच्या उभ्या रांगेतले तीन ठोकळे काढा: डोक्यासमोरचा, पायासमोरचा आणि त्याच्या खालचा. मग एक पाऊल पुढे टाका, आपोआप एक पायरी खाली याल. पुन्हा समोरचे तीन. वर येताना उडी मारायला डोक्यावर एक ठोकळा मोकळा लागतो, तो या पद्धतीत आपसूक मिळतो. डोक्यासमोरचा सोडून दोनच ठोकळे काढलेत तर डोकं त्याला अडेल आणि पायरी उतरताच येणार नाही.

हिशोब आधीच करून ठेवा. ६४ उंचीवरून उणे ५३ पर्यंत ११७ पायऱ्या होतात, म्हणजे ३५१ ठोकळे. तीन दगडी पिकॅक्स मिळून ३९३ ठोकळे काढतात. म्हणजे तीन पुरतात, दोन नाही. उरलेला चौथा जवळ असू द्या.

जिना शक्यतो एकाच दिशेने सरळ न्या. वळणावळणाचा जिना दिसायला छान, पण पहिल्या खाणीत दिशा हरवते. दर दहा-बारा पायऱ्यांवर एक टॉर्च लावा, आणि उतरताना कायम उजव्या भिंतीवर. परतताना टॉर्च डाव्या हाताला आली पाहिजे. एवढ्या एका सवयीने पुढच्या गुहांतली बहुतेक चुकामूक टळते, कारण कुठल्याही फाट्यावर टॉर्च कुठल्या हाताला आहे हे पाहून बाहेरची वाट कळते.

उजेडाचं गणितही सोपं आहे. टॉर्चजवळ उजेड १४ असतो आणि दर ठोकळ्यामागे एकने उतरतो. १.१८ पासून झोम्बी, सांगाडे, क्रीपर हे शत्रू उजेड शून्य असेल तिथेच जन्मतात. म्हणजे अरुंद बोगद्यात टॉर्च वीस ठोकळ्यांवर असली तरी तिथे काही जन्मणार नाही. दहा-बारा सांगितलं ते तुम्हाला नीट दिसावं म्हणून. मोठ्या गुहेत मात्र कोपरे, कपारी आणि उंच छज्जे अंधारात राहतात, तिथे हात आखडता घेऊ नका.

८ ते ० उंचीच्या दरम्यान राखाडी दगडात काळपट दगड मिसळायला लागतो. तो डीपस्लेट. ० च्या खाली जवळपास सगळा तोच. तो फोडायला साध्या दगडाच्या जवळपास दुप्पट वेळ लागतो, त्यामुळे हात जड झाल्यासारखा वाटेल. खेळ अडकलेला नाही.

पहिला मुक्काम १६ वर

थेट तळाला जाऊ नका. वाय १६ वर थांबा, कारण डोंगर सोडले तर लोखंड सगळ्यात जास्त तिथे असतं, आणि लोखंडाशिवाय खाली गेलात तरी उपयोग नाही. कुठलं खनिज कुठल्या पिकॅक्सने निघतं ते पाठच करा: कोळशाला कुठलाही चालतो; तांबं, लोखंड, लॅपिस यांना दगडी; सोनं, रेडस्टोन, पाचू, हिरा यांना लोखंडी. चुकीच्या पिकॅक्सने खनिज फुटतं, पण हातात काहीच पडत नाही. दगडी पिकॅक्सने फोडलेला हिरा कायमचा गेला. खेळ इशारा देत नाही, म्हणून आम्ही देतो आहोत.

१६ वर जिन्याच्या बाजूला दोन उंच, एक रुंद बोगदा काढा. तांबूस-बदामी ठिपक्यांचं लोखंड दिसेल. एक ठोकळा दिसला की त्याच्या सगळ्या बाजू उघडून बघा, लोखंड घोळक्याने असतं. कच्चं लोखंड वर बेडजवळच्या तळावर नेऊन भट्टीत वितळवा आणि या क्रमाने वापरा. पहिली तीन कांडकी पिकॅक्सला. चौथी ढालीला, सहा फळ्यांसोबत. पुढची तीन बादलीला. दोन तलवारीला. मग आर्मर: शिरस्त्राणाला पाच, छातीच्या कवचाला आठ, पायांना सात, बुटांना चार, एकूण चोवीस. सगळं मिळून तेहतीस कांडकी. ती पुरी होईपर्यंत १६ च्या आसपासच राहा. बरेच जण पिकॅक्स झाला की खाली धावतात आणि बादली विसरतात. खोल खाणीत बादली तलवारीपेक्षा जास्त वेळा जीव वाचवते. वर तळ्यावर जाऊन ती पाण्याने भरून घ्या.

बाकी खनिजांची जागा थोडक्यात: कोळसा ९६ च्या आसपास भरपूर, तांबं ४८ ला, लॅपिस ० ला, सोनं उणे १६ ला, रेडस्टोन आणि हिरे जितकं खाली तितके जास्त. पाचू डोंगराळ भागातच, आणि तोही उंचावर. खाणीत तो शोधू नका.

उणे ५३, आणि तिथेच का

हिऱ्यांचं प्रमाण तळाकडे वाढत जातं, त्यामुळे उणे ५८-५९ ही सर्वोत्तम पातळी. उणे ६० पासून बेडरॉक नावाचा दगड लागायला लागतो, जो कशानेच फुटत नाही. मग नवख्यांना उणे ५३ का सांगायचं? कारण उणे ५५ आणि त्याखालच्या गुहांच्या पोकळ्या बहुतेक लाव्हाने भरलेल्या असतात. उणे ५३ वर चालताना लाव्हाच्या तळ्याचा पृष्ठभाग तुमच्या पायांच्या खाली राहतो. तुम्ही तळ्याच्या वरच्या बाजूला निघता. उणे ५९ वर खोदताना तेच तळं तुमच्या डोक्यावर असू शकतं आणि एक ठोकळा फोडला की ते बोगद्यात शिरतं. उणे ५३ वर हिरे थोडे कमी आहेत, पण पुरेसे आहेत. हात बसला की खाली जा.

इथे पोचल्यावर उघड्या गुहांत भटकण्यापेक्षा शाखा काढा. १.१८ पासून हवेला टेकलेले हिरे खेळ मुद्दाम कमी ठेवतो; दगडात पूर्ण बुजलेले जास्त असतात. मोठ्या गुहेच्या भिंती डोळ्यांना सुखावतात आणि लोखंड-कोळसा भराभर देतात, हिऱ्यांसाठी मात्र भरीव दगडच फोडावा लागतो.

शाखांची पद्धत अशी. आधी दोन उंच आणि एक रुंद असा सरळ मुख्य बोगदा तीस-चाळीस ठोकळे काढा. त्याच्या दोन्ही बाजूंना काटकोनात शाखा काढायच्या, दोन शाखांच्या मध्ये दोन भरीव ठोकळे सोडून. प्रत्येक शाखेतून तुम्हाला डावी-उजवीकडचा एकेक ठोकळा दिसतो, म्हणून मधल्या दोनांतला एक या शाखेतून आणि दुसरा शेजारच्या शाखेतून तपासला जातो. काहीच न पाहिलेलं राहत नाही. तीन सोडलेत तर मधली एक रांग नजरेआड जाते, पण तेवढ्याच श्रमात जास्त मुलूख पालथा होतो, आणि हिरे बहुधा एकापेक्षा जास्त असल्याने फारसे निसटत नाहीत. सराव झाल्यावर आम्ही तीनच सोडायला सांगू.

एका पावलाला दोन ठोकळे जातात, म्हणजे लोखंडी पिकॅक्सवर सव्वाशे पावलं. पंचवीस पावलांच्या पाच शाखा झाल्या की नवा पिकॅक्स हवा. दोन लोखंडी पिकॅक्स घेऊन जा. त्यातला एक फक्त हिरे, सोनं, रेडस्टोनसाठी राखून ठेवा आणि साधं खोदकाम दगडीने करा. तळाशी साध्या दगडाऐवजी फोडलेला डीपस्लेट मिळतो, त्याचेही पिकॅक्स होतात.

शाखा संपली की तिच्या तोंडाशी एक ठोकळा लावून ती बंद करा. कुठली पाहून झाली ते कळतं आणि तिथला अंधारही तुमच्यापर्यंत येत नाही.

लाव्हा

यावर जास्त बोलायला हवं, कारण सामान कायमचं जातं ते इथेच. लाव्हात उभं राहिलं की दर अर्ध्या सेकंदाला दोन हार्ट जातात. आर्मर नसेल तर दहा हार्टना अडीच सेकंदही लागत नाहीत. शिवाय बाहेर आल्यावरही अंग जळत राहतं. मेलात तर पडलेलं सामान लाव्हातच जळतं.

लाव्हा आधी कळवतो. बुडबुड्यांचा पॉप-पॉप आवाज येतो. छतातून केशरी थेंब टपकताना दिसले तर त्या ठोकळ्याच्या बरोबर वर लाव्हा आहे, त्याला हात लावू नका. खालच्या पट्टीत एक घर कायम कोबलस्टोनचं ठेवा आणि त्याची जागा बदलू नका, म्हणजे घाबरलात तरी बोट आपोआप तिथे जाईल. ठोकळा फोडल्यावर लाव्हा दिसला की दोन पावलं मागे सरून भोकात कोबलस्टोन बसवा. लाव्हा सावकाश वाहतो, एक ठोकळा पुढे यायला दीड सेकंद घेतो. वेळ मिळतो. धावत सुटण्याची गरज नसते.

तळं ओलांडायचं असेल तर काठापासून दोन ठोकळे मागे उभं राहून बादलीतलं पाणी ओता. पाणी लाव्हावर पसरतं. स्थिर लाव्हाचा ऑब्सिडियन नावाचा काळा, टणक दगड होतो, वाहत्याचं कोबलस्टोन. थोडं थांबून पाणी परत बादलीत भरा आणि त्या काळ्या पृष्ठभागावरून चाला. कडेला लाव्हा उघडा राहिला आहे का ते पाहूनच पाऊल टाका. अंगाला आग लागली तर पाणी स्वतःच्या पायाशीच ओता.

हिरा दिसला की लगेच घाव घालू नका. आधी त्याच्या भोवतीचे ठोकळे उघडा: दोन्ही बाजू, वर, मागे, आणि शेवटी खाली. हिऱ्याच्या मागे किंवा खाली लाव्हा असणं ही या पातळीवरची रोजची गोष्ट आहे. खाली पोकळी किंवा लाव्हा दिसला तर तिथे कोबलस्टोन भरून मगच हिरा काढा, नाहीतर तो फुटून थेट आगीत पडेल. भोवती उघडताना शेजारचे हिरेही सापडतात, हा फायदा वेगळाच.

खडी, वाळू आणि चाल करून येणारे

ग्रॅव्हल म्हणजे खडी आणि वाळू, या दोन गोष्टी आधार गेला की पडतात. छतात खडी असेल आणि खालचा ठोकळा काढलात तर अख्खी रांग डोक्यावर येते, आणि डोकं त्यात बुडालं की गुदमरून हार्ट जायला लागतात. घाबरून इकडेतिकडे न करता डोळ्यासमोरचा ठोकळा फोडत राहा. बोगद्यात समोर खडीची उंच रांग असेल तर सगळ्यात खालचा ठोकळा काढून त्या जागी झटकन टॉर्च लावा; वरून पडणारी खडी टॉर्चवर फुटत जाते आणि सुटे तुकडे होऊन पडते. सरळ डोक्यावर खोदत वर जाऊ नका. खडी, पाणी, लाव्हा, काहीही वरून येऊ शकतं. वर जायचं असेल तेव्हाही जिनाच.

क्रीपर जवळ आला की फुस्स आवाज होतो आणि दीड सेकंदात तो फुटतो. मागे पळालात तर तो विझतो. ढाल समोर धरलीत तर बहुतेक तडाखा तिच्यावर जातो. जावात ढाल माउसच्या उजव्या बटणाने उचलली जाते, बेडरॉक आवृत्तीत स्नीक केल्यावर, म्हणजे दबकल्यावर. सांगाडे लांबून बाण मारतात, त्यांच्या अंगावर मोकळ्यातून धावू नका. कोपऱ्याआड थांबा, ते जवळ येतात. कोळी दोन ठोकळे रुंद असतो, एक रुंद बोगद्यात शिरत नाही. अरुंद बोगद्याचा हा मोठा फायदा.

लाकडी खांब, रूळ आणि जाळी दिसली तर ती जुनी पडकी खाण. तिथल्या पेट्यांत चांगलं सामान असतं, पण निळसर गुहाकोळीही असतात. ते लहान असतात, चावले की विष भिनतं. विषाने जीव जात नाही, अर्ध्या हार्टवर थांबतो. तेव्हा आलेला दुसरा कुठलाही फटका मात्र जीव घेतो. दूध प्यायलं की विष उतरतं, त्यामुळे तिथे जायचं असेल तर दुधाची एक बादली न्या. जाळ्यांच्या मधोमध छोटा पिंजरा फिरताना दिसेल. त्यातूनच हे कोळी येतात. त्याच्या वर आणि चारही बाजूंना टॉर्च लावा, किंवा पिकॅक्सने तो फोडा.

आणि एक जागा जिथून फक्त मागे वळायचं. जमिनीवर गडद निळ्या-काळ्या, हिरवट ठिपके लुकलुकणाऱ्या थराचा परिसर लागला, आणि आजूबाजूला झोम्बीही नसले, तर तो डीप डार्क. तिथे तुमच्या पावलांचा कंप ऐकून किंचाळणारे ठोकळे आहेत. चौथ्या किंचाळीला वॉर्डन जमिनीतून वर येतो. त्याला ५०० आरोग्य असतं, तुम्हाला २०, म्हणजे दहा हार्ट. नॉर्मल पातळीवर त्याचा एक फटका पूर्ण लोखंडी आर्मर असूनही मारतो, आणि भिंतीआड लपलात तरी त्याची आवाजी लाट भिंतीतून येते. स्नीक करत, म्हणजे दबकत चाललं की पावलं ऐकू जात नाहीत. तसंच दबकत आलात त्या वाटेने परत जा. बोगदा कोबलस्टोनने बुजवा आणि दुसऱ्या दिशेला शाखा काढा. पहिल्या महिन्यात तिथे मिळण्यासारखं तुम्हाला काहीही नको आहे.

सामान, चुकामूक आणि मरण

अंगावर ३६ घरं असतात. त्यातली निम्मी तासाभरात दगडांनीच भरतात. कोबलस्टोनचे दोन गठ्ठे, म्हणजे १२८, ठेवा आणि बाकीचे टाकून द्या. मुख्य बोगद्याच्या सुरुवातीला पेटी मांडा, २७ घरांची. पाच हिरे मिळाले की शाखेत आणखी पुढे न जाता ते पेटीत ठेवून या. पेटीतलं सामान तुम्ही मेलात तरी तिथेच राहतं.

वाट चुकलात तर आधी उभे राहा आणि आकडे बघा. वहीतले तळाचे एक्स आणि झेड कुठे आहेत ते पाहून त्या दिशेला तोंड करा आणि नवा जिना वरच्या दिशेने खोदायला घ्या. चढताना समोरच्या रांगेतले दोन ठोकळे (डोक्यासमोरचा आणि त्याच्या वरचा) आणि स्वतःच्या डोक्यावरचा एक, असे तीन काढायचे. जुनी वाट शोधत गुहेत फिरण्यापेक्षा हे जलद होतं.

मेलातच तर जावामध्ये शेवटचे आकडे आठवायचा प्रयत्न करण्यापेक्षा, धोका दिसताच आकडे पाहायची सवय लावा. पडलेलं सामान पाच मिनिटांत नाहीसं होतं. पण ही पाच मिनिटं त्या भागाजवळ कुणी खेळाडू असेल तेव्हाच मोजली जातात. बेड फार लांब असेल तर घड्याळ थांबलेलं असतं. तुम्ही परत जवळ आलात की पुढे सुरू होतं. म्हणून रिकाम्या हाताने धावू नका. तळावरच्या पेटीत एक जादा दगडी पिकॅक्स, तलवार, आठ-दहा टॉर्च आणि थोडं खाणं कायम ठेवा. तेवढं उचला आणि जिन्याने खाली जा.

पहिले पाच हिरे

पहिले तीन पिकॅक्सला. त्याशिवाय ऑब्सिडियन निघत नाही, आणि जादूच्या टेबलाला ऑब्सिडियनचे चार ठोकळे लागतात. पुढचे दोन हिरे आणि एक पुस्तक त्याच टेबलात जातात. तलवार आणि छातीचं कवच थांबू शकतं.

हे पाच मिळाल्यावर पुढे दिसलेले हिरे काढण्याची घाई करू नका, हे ऐकायला विचित्र वाटेल. टेबलाभोवती पुस्तकांची पंधरा कपाटं लावून पिकॅक्सवर ‘फॉर्च्यून’ची जादू मिळवता येते. तिसऱ्या दर्जाच्या फॉर्च्यूनने एका हिऱ्याच्या ठोकळ्यातून सरासरी २.२ हिरे निघतात. म्हणजे आत्ता दहा ठोकळे फोडलेत तर दहा हिरे, तेव्हा फोडलेत तर सरासरी बावीस. सापडलेल्या ठोकळ्याशेजारी एक टॉर्च लावा, त्याचे तीन आकडे वहीत उतरवा आणि शाखा पुढे न्या.